शकुंतलेचं ठेसन मोडू नका

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाबरोबर आमच्या गावाजवळचं शकुंतला रेल्वेचं बंद ठेसन पाहायला गेलो. मामाच्या मोबाईलवर मी खूप फोटो काढले. त्यातले तीन खाली चिकटवले आहेत.

यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर अशी ही गाडी धावायची. रुळांची रुंदी फक्त अडीच फूट! इंग्रजांच्या काळात एका कंपनीने वऱ्हाडातला कापूस नेण्यासाठी ती सुरू केली. १९९४ पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं. आता गाडी बंद आहे.

पहिल्या फोटोत तिकिटाची खिडकी आहे. तिला गजही नाहीत, चौकटही नाही. दुसऱ्यात फलाट. त्याच्या कडेचे दगड काढून नेलेले. मी विचारलं, "हे कोणी नेलं?" मामा हसला, "गावातच शोध." घरी येऊन पाहतो तर काय, आमच्या गोठ्यातला बैलाचा खुंटा म्हणजे रुळाचाच तुकडा! तिसरा फोटो त्याचा आहे. बाबा रागावले, तरी मी लावलाच.

लोक म्हणतात, गाडीच नाही तर ठेसन कशाला? मला हे पटत नाही. माझी आजी याच गाडीने सासरी आली. गाडी पुन्हा सुरू करा, अशी मागणी मोठी माणसं करतात आणि रात्री दगड नेतात. उद्या गाडी आलीच, तर थांबेल कुठं?

तुम्हीही फोटो काढा, पण मोठ्यांना सोबत न्या. छताखाली जाऊ नका, कौलं पडतात. खुंटा परत कुणाला द्यायचा, ते मी बाबांना रोज विचारतो. ते अजून काही बोलले नाहीत.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी