स्मरणरंजन आणि रबरी बुश

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. शेवटच्या गाडीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची आणि टॅक्सीला मुभा वीस वर्षांची. हिशेब सरळ होता. त्यानंतर मृत्युलेखांचा पूर आला. त्यांत पावसाळी काचा होत्या, रेक्झिनचा वास होता, हरवलेली मुंबई होती. गाडी मात्र नव्हती. ती वीस-वीस वर्षे चालत कशी राहिली, कोणाच्या हातांनी, हा प्रश्न त्या लेखांना पडलाच नाही. माझा आक्षेप नेमका येथे आहे.

माझ्या अंगणात एक खाजगी पद्मिनी आहे. तिच्या मागच्या पाट्यांचे बुश मी नुकतेच घरी बदलले. पाट्याच्या टोकांना आणि शॅकलमध्ये बसणारे हे रबराचे तुकडे धातूला धातूवर आदळू देत नाहीत. रबर कडक होऊन तडकले की खडखडाट सुरू होतो आणि वळणावर गाडीचा मागचा भाग भरवशाचा राहत नाही. पुढच्या चाकांना अडण्या लावायच्या, गाडी उचलून चॅसी घोड्यांवर टेकवायची (नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये), अ‍ॅक्सलला वेगळा आधार द्यायचा, गंजलेल्या नटांशी दुपारभर झगडायचे. नवे बुश साबणाच्या पाण्याने सरकवायचे. तेलाने नैसर्गिक रबर फुगते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नट अखेरचे आवळायचे ते चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार पाट्यांवर आल्यावरच. चाके लोंबकळत असताना आवळले, तर भार येताच रबर पिळले जाते, कायम पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते.

आमच्या स्मरणरंजनपर लेखनाची गत याहून वेगळी नाही. वस्तूवरचा भार उतरवून, ती हवेत लोंबकळत असताना, आम्ही आमची विधाने आवळून टाकतो.

यावर ठरलेले उत्तर येते: 'हे मिस्त्रीचे काम, साहित्याशी त्याचा काय संबंध?' या एका वाक्यात आपल्या अभिरुचीचा सगळा इतिहास आहे. डोक्याचे काम वरचे, हाताचे खालचे, ही उतरंड आपण समाजशास्त्राच्या तासाला धिक्कारतो आणि ललित लेखात निमूटपणे पाळतो. मर्ढेकरांनंतर मराठी कवितेला यंत्र परके राहिलेले नाही. परके राहिले आहे ते यंत्र दुरुस्त करणाऱ्याचे ज्ञान.

प्रत्येक प्राध्यापकाने पान्हा हाती घ्यावा, असे माझे म्हणणे नाही. पण ज्या वस्तूवर आपण गहिवरतो, ती कशी झिजते आणि कशी सावरली जाते, एवढे तरी ठाऊक असावे. ते ठाऊक नसेल तर आपला गहिवर त्या वस्तूसाठी नसतो. तो आपल्याच तारुण्यासाठी असतो. तसे खुशाल लिहावे, पण मग त्याला पद्मिनीचे नाव देऊ नये.