चांगले सर भेटणं नशिबावर का सोडायचं?

मुलगी कॉलेजला निघाली की आपण फी विचारतो, हॉस्टेल विचारतो, जेवणाची सोय विचारतो. तिथला भेदभावविरोधी अधिकारी कोण, हे विचारणारे पालक मात्र फार थोडे. असं पद असतं, हेच अनेकांना माहीत नाही.

युजीसीने २०१२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी समतेची नियमावली काढली. तिच्यानुसार विद्यापीठात आणि कॉलेजात समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा. हा अधिकारी ऑफिसातला कोणी बाबू नसतो. विद्यापीठात तो प्राध्यापक आणि कॉलेजात किमान सहयोगी प्राध्यापक दर्जाचा असावा लागतो. आणि हे नियम फक्त जातीपुरते नाहीत. धर्म, भाषा, लिंग, अपंगत्व यावरून होणारा भेदभावही त्यात येतो. नाव ऐकून वागणूक बदलली, तर त्याचीही लेखी तक्रार करता येते.

मग अडतं कुठे? डॉ. पायल तडवीचं प्रकरण आठवा. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल मुस्लिम कुटुंबातली ही मुलगी मुंबईत पोस्ट ग्रॅज्युएशन करत होती. वरिष्ठ विद्यार्थिनींनी जातीवरून छळ केला, असा आरोप झाला. २२ मे २०१९ रोजी तिने जीव दिला. नियम तेव्हाही होते. त्यानंतर तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : नियम कागदावर आहेत, ते अमलात आणा. या याचिकेमुळे नियम बदलण्याच्या हालचालींना जोर आला. जानेवारी २०२६ मध्ये युजीसीने नवी नियमावली आणली, पण मोठा वाद झाला आणि त्याच महिन्यात कोर्टाने तिला स्थगिती दिली. तोवर २०१२ चेच नियम चालतील, असं कोर्टाने सांगितलं.

म्हणजे गोष्ट फिरून प्राध्यापकांपाशीच येते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मुस्लिम १४.२ टक्के. पण २०२०-२१ च्या सरकारी सर्वेक्षणात उच्च शिक्षणातलं मुस्लिम विद्यार्थ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांपेक्षाही कमी होतं. आदल्या वर्षी सुमारे २१ लाख मुलं शिकत होती, ती १९ लाखांवर आली. त्यात डिसेंबर २०२२ मध्ये अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. अशा वेळी कोणती दुसरी फेलोशिप मिळेल, अर्ज कसा भरायचा, हे सांगणारे सर किंवा मॅडम भेटले तर मूल टिकतं. नाही भेटले तर सामान बांधून घरी येतं.

अशी मदत करणारे प्राध्यापक आजही आहेत, आणि त्यात सगळ्या धर्मांचे लोक आहेत. त्यांचे उपकार आपण मानतोच. पण त्यांची बदली झाली, ते रिटायर झाले, की दार बंद. म्हणून माणसाचा चांगुलपणा व्यवस्थेत उतरला पाहिजे. जेएनयूत हे अनेक वर्षं घडलं. मागास जिल्ह्यांतून आलेल्यांना आणि मुलींना प्रवेशात जादा गुण मिळत. त्यात धर्माचा उल्लेख नव्हता, तरी मागास भागातल्या मुस्लिम मुलामुलींनाही त्याचा फायदा होता. पुढे संशोधनाच्या प्रवेशाचे नियम बदलले आणि तिथे हे गुण गेले. म्हणजे व्यवस्था उभी करावी लागते आणि राखावीही लागते. विद्यापीठाच्या समित्यांवर बसणारे प्राध्यापक हे करू शकतात.

आपल्या हातात काय आहे? प्रवेशाच्या वेळी समान संधी कक्षाची खोली, अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर विचारा. पालकसभेत गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे विचारा. एकही तक्रार नाही, असं उत्तर आलं तर लगेच खूश होऊ नका. मुलांना तो कक्ष माहीत आहे का, हेही विचारा. तक्रार करायची वेळ आली तर ती लेखी द्या आणि पोच घ्या. आपल्या समाजातले जे लोक प्राध्यापक आहेत, त्यांनी या समित्यांवर जायला मागे राहू नये.

ही मेहेरबानी मागणं नव्हे. नियमाने दिलेला हक्क आहे, आणि तो विचारला तरच जागा राहतो.