आठवलेंवर हसून झाले असेल तर हिशेब मागूया



चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर इतका गुलाल उडतो की शेजारचा माणूस ओळखू येत नाही. आपण बौद्ध, आपण काही सासनकाठी घेऊन जात नाही. पण निवडणुकीच्या गुलालात आपल्या वस्त्यांतही हेच होते.

रामदास आठवले यांचेच बघा. सांगली जिल्ह्यातल्या अगळगावचा हा कार्यकर्ता पँथरमधून घडला, नामांतरासाठी रस्त्यावर लढला आणि १९९० मध्ये शरद पवारांच्या मंत्रिमंडळात गेला. १९९८ ला प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि आठवले असे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत पोहोचले. पुढे ऐक्य फुटले. १९९९ आणि २००४ ला आठवले पंढरपुरातून खासदार झाले. २००९ ला शिर्डीत शिवसेनेकडून हरले आणि २०११ मध्ये त्याच सेनेच्या, भाजपच्या बाजूला जाऊन बसले. २०१४ ला राज्यसभा, २०१६ पासून केंद्रात सामाजिक न्याय राज्यमंत्री.

यावर आपली पोरं दोनच गोष्टी करतात. एक तर 'गद्दार' म्हणतात, नाहीतर त्यांच्या चारोळ्यांवर हसतात. आपल्यावर हसणाऱ्यांना हे दोन्ही सोयीचे आहे. कारण खरा प्रश्न व्यक्तीचा नाही. आपली मते विखुरलेली, म्हणून निवडून यायला मोठा पक्ष लागतो. मग जो उमेदवारी देतो त्याच्याशीच निष्ठा जुळते. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ का मागितले होते, हे १९३२ च्या पुणे कराराकडे पाहिले की कळते.

ही अडचण खरी आहे, पण तिच्या आड कोणालाही लपता येणार नाही. चौघांचे यश युतीमुळे होते हे खरे, पण आधी चौघे एकत्र आले होते. एकटा नेता युतीत जातो तेव्हा त्याला पद मिळते. समाज एकत्र जातो तेव्हा अटी घालता येतात.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. तो फक्त दुसऱ्यांच्या भक्तांसाठी नव्हता. मंत्री आपला असो वा परका, शिष्यवृत्ती कधी जमा झाली, अट्रॉसिटीच्या किती खटल्यांत शिक्षा झाली, राखीव निधी कुठे वळवला, हे तालुक्या-तालुक्यात लेखी विचारा.

याच जिल्ह्यात माणगावला, मार्च १९२० मध्ये, शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या रूपाने तुम्हाला तुमचा नेता मिळाला असे जाहीर सांगितले. नेता आपला असेल तर त्याला जाब विचारण्याचा पहिला हक्कही आपलाच आहे.