जीवाणीचे छायाचित्र

पाठशाळेत ‘पाणी गाळूनच का प्यावे’ या विषयावर नातवाला तक्ता करावयाचा होता. अशा तक्त्यांवर एका थेंबात 36,450 जीव असल्याचा आकडा हमखास असतो. तो प्रत्येक थेंबाला कसा लागू पडावा? मी म्हटले, आपल्या आडाच्या जीवाणीत काय आहे तेच दाखवू.

जीवाणीचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात सायक्लॉप्स निघाला. जेमतेम एक मिलीमीटरचा जीव, मस्तकी एकच डोळा, मादीच्या दोन्ही अंगांना अंड्यांच्या पिशव्या. पायविहिरींच्या पाण्यातून नारू होत असे तो याच्याच द्वारे. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. त्या लढ्यातही पाणी कापडाने गाळण्यावरच भर होता.

नातवाजवळ इन्स्टॅक्स मिनी हा झटपट छायाचित्र देणारा कॅमेरा होता. नेत्रिकेतून निघणारे किरण जवळजवळ समांतर असतात, म्हणून दूरचे पाहावे तशी नजर सैल ठेवून दृश्य स्पष्ट करावयाचे आणि कॅमेऱ्याचे भिंग नेत्रिकेच्या बरोबर मध्यावर टेकवावयाचे. बघण्याची खिडकी बाजूला असल्याने तिचा उपयोग नाही. फ्लॅशवर काळी पट्टी चिकटवली. पहिला कागद निव्वळ काळा निघाला. कॅमेरा तसूभर सरकला होता.

खरी अडचण पुढे आली. सायक्लॉप्स उसळ्या मारतो. पुस्तकी उपाय म्हणजे अल्कोहोल घालून त्याला निश्चल करणे, अर्थात मारणे. नातवाने माझ्याकडे पाहिले. मी नको म्हटले. दिव्याच्या उष्णतेने थेंब आटू नये म्हणून दर दोन चित्रांनंतर दिवा मालवत होतो. दहा कागदांपैकी सात फरकाटले. मात्र दोन उसळ्यांमधील क्षणी टिपलेल्या एकात अंड्यांच्या पिशव्या स्पष्ट आल्या. चित्र तिथल्या तिथे हाती आल्यामुळे थेंब अधिक ताटकळत ठेवावा लागला नाही. तो पोहऱ्यातून पाण्यालगत नेऊन आडात सोडला.

नातवाने चित्राखाली ‘40 पट’ लिहिले. वस्तुभिंग 4 पट, नेत्रिका 10 पट, हा त्याचा हिशोब. परंतु ती डोळ्याची पटी, 250 मिलीमीटर अंतर धरून केलेली. कॅमेऱ्याचे भिंग 60 मिलीमीटरचे. म्हणून कागदावर 40 गुणिले 60 भागिले 250, म्हणजे 9.6. हयातभर खतावण्या तपासलेल्या माणसाला चौपट फुगवलेली नोंद कशी चालावी? थोडा हिरमुसला, पण त्याने खोडून ‘9.6 पट’ लिहिले आणि शेजारी आपणहून भर घातली : ‘चित्र घेतले तेव्हा जीव जिवंत होता.’