आपल्या वास्तू व आपली जबाबदारी



पुण्याच्या बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीसमोर, भिडे वाडा होता. ‘होता’ असेच आता म्हणावे लागते. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा याच वाड्यात उघडली. भगवान बुद्ध व कबीर यांच्या बरोबरीने बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले, त्या जोतीरावांच्या शिक्षणकार्याचा आरंभ या वास्तूत झाला. तुमची मुलगी आज दप्तर घेऊन निर्भयपणे शाळेत जाते, तिच्या वाटेचे पहिले पाऊल या पेठेत पडले आहे.

तेथून थोड्याच अंतरावर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा आहे. तेथे १८२१ साली इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. तिचे दार कोणास उघडे व कोणास बंद होते, हे तुम्हांस सांगावयास नको. तो वाडा महानगरपालिकेने दुरुस्त करून राखला आहे, याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. वारसा कोणाचाही असो, तो मोडावा असे बुद्धाचा अनुयायी म्हणणार नाही. माझा प्रश्न निराळा आहे. एक वाडा टिकला आणि दुसरा पडला, असे का व्हावे?

याचे उत्तर कटू आहे. विश्रामबाग वाड्यास सांभाळणारी संस्था होती. भिडे वाड्याची स्मृती आपली होती, परंतु मालकी दुसऱ्यांची होती. आणि नुसत्या स्मृतीला कायद्यात हक्क म्हणत नाहीत. वाड्यात दुकाने होती. स्मारकासाठी तो संपादन करण्याचा महानगरपालिकेचा प्रयत्न वर्षानुवर्षे न्यायालयात अडकला. पोटासाठी गाळा धरून बसलेल्या भाडेकरूने आपला हक्क न्यायालयात मागितला, तर त्यास गुन्हेगार म्हणता येत नाही. तसाच हक्क आपणही मागतो. परंतु वाद चालू असता भिंती थांबत नाहीत. वाडा जीर्ण होत गेला. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले, व डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत वाडा पाडण्यात आला. खटला जिंकला, वास्तू गेली.

आता त्या जागी स्मारक व्हावयाचे आहे. ते कसे व्हावे, हे सांगण्याचा तुम्हांस अधिकार आहे. बाबासाहेबांनी विभूतिपूजेविरुद्ध संविधान सभेत इशारा दिला होता, तो स्मरावा. वर्षातून दोनदा हार घालण्यापुरते स्मारक नको. पेठेत जेथे दिवसभर माणसांचा राबता असतो, तेथे मुलींसाठी अभ्यासिका असावी, ग्रंथालय असावे, संध्याकाळी वर्ग भरावेत. वास्तू वापरात असली तरच पेठही जिवंत राहते व स्मृतीही.

परंतु दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी आपल्या घराकडे पाहू. २०१६ च्या जून महिन्यात दादरचे आंबेडकर भवन व बुद्धभूषण छापखाना रात्रीच्या अंधारात जमीनदोस्त झाले, आणि त्यावरून विश्वस्त व समाज यांच्यात मोठा वाद पेटला. म्हणजे वास्तू आपल्या नावावर असली तरी ती सुरक्षित असतेच असे नाही. पुण्याजवळ देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. अशा आपल्या वास्तू वयाने लहान आहेत. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याची अट निदान शंभर वर्षांची आहे. तोवर त्यांचे रक्षण आपणांसच करावयाचे आहे.

वकिलीत मी एकच दुःख वारंवार पाहतो. वस्तीने पै-पै गोळा करून विहार बांधलेला असतो, आणि जागा मात्र एका वडीलधाऱ्या गृहस्थाच्या नावावर असते. त्यांचे निधन होते, वारसांची नावे लागतात, आणि विहाराची जागा घरगुती वाटणीत जाते. तेव्हा लोक माझ्याकडे येतात. पण दाखविण्यासाठी त्यांच्यापाशी उद्घाटनाचे छायाचित्र असते, कागद नसतो.

म्हणून माझी विनंती आहे. आपला विहार १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदवा. मिळकतपत्रिकेवर वा सात-बारावर विश्वस्त संस्थेचे नाव लावून घ्या. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. अशी नोंदलेली स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही, हे त्या कायद्याचे कलम ३६ सांगते. विश्वस्त मंडळात स्त्रियांस घ्या, आणि वर्षातून एकदा सर्व कागद सभेत वाचून दाखवा.

लेण्यांत आपल्या पूर्वसूरींनी दान देणाऱ्याचे नाव व दान दगडात कोरून ठेवले, म्हणून दोन हजार वर्षांनी ते दान कोणी दिले हे आपणांस कळते. आपल्याला दगड कोरावयाचा नाही. एक अर्ज भरावयाचा आहे. तो येत्या पौर्णिमेपूर्वी भरा.

जय भीम!