भित्र्या बोक्यालाही घर द्या

मांजर दत्तक घ्यायला येणाऱ्या बहुतेकांना पिल्लू हवं असतं, आणि ते साहजिकही आहे. पण मासळीबाजारात किंवा पार्किंगमध्ये वाढलेला, नसबंदीची खूण म्हणून कानाचं टोक कापलेला, रक्ततपासणीत ‘एफआयव्ही’ निघालेला मोठा बोका पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो. त्याला कुणी विचारत नाही. हे आवाहन त्याच्यासाठी आहे.

आधी आजाराचं बोलू. एफआयव्ही हा विषाणू १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. तो माणसाला होत नाही, कुत्र्यालाही नाही. मांजरांमध्ये तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, म्हणून मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांमध्ये जास्त आढळतो. असा बोका घरातच राहिला तर वर्षानुवर्षं चांगला जगू शकतो. या विषाणूमुळे प्रतिकारशक्ती कमी होत असल्यामुळे काही पथ्यं मात्र पाळावी लागतात. कच्चं मांस-मासे देऊ नका, खिडक्यांना भक्कम जाळी लावा, दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्या. हिरड्यांवर विशेष लक्ष ठेवा. तोंडाला दुर्गंधी येते, लाळ गळते, भूक असूनही वाटीपाशी जाऊन तो मागे फिरतो, असं दिसलं तर तोंड दुखतंय असं समजा आणि डॉक्टर गाठा. घरातलं पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नका. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

आता भीतीचं. पिल्लाला माणसाची सवय लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. ते दिवस माणसाविना गेले, की पुढे आपला हात त्याला संकटच वाटतो. म्हणून सुरुवातीला त्याला एकच शांत खोली द्या. लपायला आडवा खोका, एका बाजूला अन्न-पाणी, दुसऱ्या बाजूला शी-शूसाठी माती भरलेला ट्रे. पलंगाखालून ओढून काढू नका. रोज ठरल्या वेळी खाणं घेऊन जा, जमिनीवर बसा, हळू आवाजात पेपर वाचा. नजरेला नजर भिडलीच, तर पापण्या सावकाश मिटा आणि उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात असं केल्यावर मांजरं अनोळखी माणसाच्याही जवळ यायला अधिक तयार झाली.

आमच्याकडचा बोका आधी फक्त रात्री, दिवे मालवल्यावर खायचा. आता उकडलेल्या चिकनच्या घासात दडवलेली गोळी माझ्यासमोर बिनतक्रार खातो. मांडीवर मात्र अजून येत नाही, आणि कदाचित कधी येणारही नाही. मांडीवर बसणारंच मांजर हवं असेल, तर असा बोका नेऊ नका. नेलात आणि त्याने दिवसभर तोंडात काहीच घेतलं नाही, तर वाट पाहू नका. उपाशी मांजराचं यकृत थोड्याच दिवसांत बिघडतं.

होकार देण्यापूर्वी त्याची तपासणीची कागदपत्रं मागून घ्या, महिन्याच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून घ्या. घरातल्या सगळ्यांना आणि भाड्याचं घर असेल तर मालकालाही विचारा. कायमचं जमणार नसेल, तर दोन-चार महिने सांभाळायची तयारी दाखवा. तेवढ्यातही तो पिंजऱ्याबाहेर येतो आणि माणसाळायला लागतो.

दार बंद करता येईल अशी खोली, औषधपाण्याची ऐपत आणि घाई न करणारा स्वभाव तुमच्याकडे असेल, तर जवळच्या प्राणिनिवाऱ्यात फोन करा आणि सांगा, ज्याला कुणी नेत नाही, तो आम्हाला दाखवा.