बॅसिलिकेला तिचा चुना परत द्या : मागणीपत्र

प्रति,
जुने गोवे येथील स्मारकांच्या संवर्धनाची जबाबदारी असलेले अधिकारी

महोदय,

जुने गोवे येथील चौकात उभे राहिले की एका बाजूला पांढरेशुभ्र से कॅथेड्रल दिसते, दुसऱ्या बाजूला तांबडी बॉम जेझूस बॅसिलिका. भिंती दोन्हीकडे चिऱ्याच्याच. १६०५ साली बॅसिलिका वापरात आली तेव्हा तिच्या अंगावरही चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अमदानीतच, वास्तू पुरातन दिसावी म्हणून तो खरवडून काढला गेला. पुरातन वास्तूला आणखी पुरातन करण्याची ही हौस आता चिऱ्याला भोवते आहे.

चिरा सच्छिद्र असतो. आमच्याकडे घराचा चिरा उघडा ठेवायचा तर त्यावर पागोळ्या लांब टाकणारे छप्पर घेतात. बॅसिलिकेच्या उंच भिंतींना तो आडोसा नाही. चार महिने पाऊस झोडपतो, भिंत पाणी पिते, शेवाळ धरते, कडा झिजतात. दर्शनी भागातला कोरीव काळा दगड वसईहून आणलेला, तो टणक आहे. त्यामागचा चिरा तसा नाही. ओल आत झिरपली तर सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी वेदीलाही ती सोडणार नाही.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी : बॅसिलिकेला पुन्हा चुन्याचा गिलावा करावा. सिमेंटचा हात मात्र लागू नये. सिमेंट ओल कोंडून ठेवते, चुना तिला बाहेर पडू देतो. आधी मागच्या भिंतीच्या एका पट्ट्यावर काम करून दोन पावसाळे त्याची नोंद ठेवावी आणि ती लोकांसमोर मांडावी. तांबडी भिंत पर्यटकांच्या डोळ्यांत बसली आहे, हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. जुन्या छायाचित्रांतली बॅसिलिका चुन्याने पांढरी आहे, एवढेच आमचे उत्तर.

दुसरे, दोन्ही चर्चच्या मधल्या रस्त्यावरून अवजड वाहने बंद करावीत. तिसरे, दरवर्षी मे अखेरपर्यंत छपराची कौले आणि पन्हळी तपासाव्यात. चौथे, १९८६ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या परिसरात, संरक्षित हद्दीलगत नवे बांधकाम मंजूर करण्यापूर्वी गावकऱ्यांचे म्हणणे ऐकावे.

गिलाव्याचा चाचणी पट्टा येत्या पावसाळ्याआधी हाती घ्यावा आणि तसे आम्हाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद